खाल्ल्या घरचे वासे मोजणारी मुले

दिवाळीची सुटी संपली की वास्तुकला महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरी एक परवानगीपत्र येते. पाच-सात दिवसांची अभ्यास-सहल, बसचा प्रवास, मुक्कामाची ठिकाणे, भरावयाची रक्कम आणि तळाशी पालकांच्या सहीसाठी एक रेघ. व्यापारी कुटुंबांत हा कागद वाचण्याची रीत ठरलेली आहे. नजर आधी रकमेवर जाते, मग मुक्कामांवर आणि शेवटी समोर उभ्या असलेल्या मुलीवर. ‘फिरायलाच जायचे तर त्याला अभ्यास कशाला म्हणायचे?’ हा प्रश्न बहुधा आजोबा विचारतात. त्यातच मुलगी ‘वास्तू’ शिकते म्हणजे देवघर ईशान्येला आणि चूल आग्नेयेला एवढे शिकते, अशी समजूत अजूनही पुष्कळ घरांत टिकून आहे.

प्रत्यक्षात हा पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार नोंदणी झाल्याशिवाय कोणालाही आपल्या नावापुढे ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद लावता येत नाही. या पाच वर्षांत वर्गात जेवढे शिकवले जाते त्याहून अधिक काही गोष्टी रस्त्यावर, पायऱ्यांवर आणि लोकांच्या ओसरीवर बसून शिकाव्या लागतात. दगडाचे वजन चित्रात कळत नाही. दरवाजाची चौकट किती बुटकी होती हे तिला डोके आपटल्यावरच नीट ध्यानात राहते. म्हणून सहल. तिच्या अहवालाला आणि रेखाचित्रांना बहुतेक ठिकाणी गुणही असतात, ही माहिती आजोबांना अवश्य द्यावी.

हा प्रघात आजचा नाही. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १९१३ मध्ये वास्तुकलेचा रीतसर अभ्यासक्रम सुरू झाला. त्या काळात विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून ठेवले जात ते ग्रीक आणि रोमन खांब. अशा वेळी क्लॉड बॅटली या इंग्रज वास्तुविशारदाने आपल्या विद्यार्थ्यांना भारतातील जुन्या इमारतींकडे वळवले. बॅटली १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षे या शाळेचे प्रमुख होते. गुजरातची गाडी पकडण्यासाठी आपल्यापैकी असंख्य लोक ज्या मुंबई सेंट्रल स्थानकात जातात, ती १९३० ची इमारत त्यांच्याच संस्थेने आखलेली आहे. विद्यार्थ्यांनी देवळे, वाडे, मशिदी, विहिरी स्वतः मोजाव्यात, मापे घेऊन कागदावर उतरवाव्यात, असा त्यांचा आग्रह असे. मोजणीतून उतरलेल्या अशा रेखाचित्रांवर उभा असलेला त्यांचा ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. इमारत पाहणे आणि इमारत मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा तेव्हापासून मुंबईच्या वास्तुशिक्षणात रुजला.

बॅटलींच्या काळातच कोकणातला एक मुलगा या शाळेत शिकून बाहेर पडला. अच्युत कानविंदे, जन्म १९१६, गाव मालवणजवळचे आचरे, जे त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात होते. पुढे ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकले आणि परत येऊन त्यांनी कानपूरच्या आयआयटीसारखी संकुले उभी केली. कोकणातल्या कौलारू घरात वाढलेल्या मुलाने काँक्रीटचे नवे भारतीय रूप घडवावे, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. छपरावरचे पाणी कसे वाहून न्यायचे, वारा घरात कसा घ्यायचा, हे प्रश्न दोन्हीकडे तेच असतात.

आता प्रत्यक्ष प्रवासाकडे वळू. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या अभ्यास-सहलींचा एक सोयीचा मार्ग कोल्हापूर, पन्हाळा, आंबा घाट, रत्नागिरी आणि आरे-वारे असा आहे. कोल्हापूर ते रत्नागिरी हे अंतर सुमारे १३० किलोमीटर. नकाशावर पाहिले तर ही एका सकाळची मजल वाटते. परंतु वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची बस दर दहा किलोमीटरला थांबते, त्यामुळे हिशेब बदलतो.

पहिला दिवस बहुधा पूर्वेकडे, कृष्णाकाठच्या खिद्रापूरला जातो. तेथील कोपेश्वर मंदिराचा ४८ खांबांचा स्वर्गमंडप मधोमध आकाशाला उघडा आहे. त्या वर्तुळाकार मोकळ्या जागेखाली उभे राहून वर पाहणे हा अनुभव सर्वांनाच आवडतो. मात्र त्याच गावातील आदिनाथांच्या जुन्या जिनमंदिराकडे अनेक गट वेळेअभावी फिरकत नाहीत. ही मोठी उणीव आहे. दोन्ही मंदिरे एकाच गावात, काही पावलांच्या अंतरावर आहेत. शिल्पपरंपरा तीच, दगडाची घडण तीच आणि उपासनेनुसार आतल्या रचनेत पडलेला फरक मात्र स्पष्ट. तुलना शिकवण्यासाठी याहून सोयीची जागा शिक्षकाला मिळणार नाही.

पन्हाळ्यावर मुले तीन दरवाजाची छायाचित्रे काढतात, आणि ती काढावीतच. परंतु व्यापारी घरातून आलेल्या मुलाला तेथे खरा विषय अंबरखान्यात सापडतो. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे असलेली ही धान्याची कोठारे आहेत. त्यांतील गंगा कोठी सर्वांत मोठी. तिची उंची सुमारे ३५ फूट असून तिच्यात २५,००० खंडी धान्य मावे, असे सांगितले जाते. धान्य दारातून आत नेत नसत. बाजूच्या जिन्याने पोती वर चढवत आणि छतातील छिद्रांमधून धान्य आत ओतत. गुदामाचा धंदा करणाऱ्याला यातले मर्म लगेच कळते. ओल, उंदीर आणि चोर या तिघांपासून माल कसा वाचवायचा, हाच प्रश्न भिंतींच्या जाडीत आणि उघड्या जागांच्या कंजूषपणात सोडवलेला आहे. १६६० मध्ये सिद्दी जोहरने गडाला वेढा घातला, तेव्हा आतल्या माणसांना महिनोन्महिने तग धरता आला, त्यामागे शौर्याइतकाच या कोठारांचाही वाटा होता. इतिहासाच्या पुस्तकांत कोठाराचे चित्र क्वचितच असते.

मलकापूर मागे पडले की झाडी दाट होऊ लागते आणि विशाळगडाकडे जाणारा फाटा लागतो. आंबा गावाच्या पुढे रस्ता एकदम कड्यावर येतो. तेथून घाट सुमारे दोन हजार फूट खाली उतरून साखरप्याकडे जातो. वळणावर वळण घेत बस उतरते, निम्म्या मुलांची डोकी खिडकीला टेकलेली असतात, दोघा-तिघांना मळमळते आणि चालक गाणी बंद करायला सांगतो. जाणते शिक्षक नेमके याच वेळी बोलू लागतात, कारण त्यांना दाखवायचे असते ते खिडकीबाहेरच दिसते. घाटाच्या वर दगड काळा असतो, बेसाल्टचा. खाली उतरताना माती तांबडी होत जाते आणि रत्नागिरीकडे जाताना रस्त्याच्या कडेला कापलेला डोंगर छिद्रे पडलेल्या, विटकरी रंगाच्या जांभ्याचा दिसू लागतो. दगड बदलला की भिंत बदलते. पाऊस बदलला की छप्पर बदलते. सोलापूर-मंगळवेढ्याकडे पाऊस बेताचा, म्हणून तेथे मातीची सपाट माळवदे चालतात आणि उन्हाळ्याच्या रात्री माणसे त्यांवर झोपतात. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे माळवद पहिल्याच आषाढात बसेल. दोन-तीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात घराचा आकार एवढा का बदलतो, या प्रश्नाचे उत्तर घाटातल्या दीड तासात मिळते.

घाट हे केवळ रस्ते नव्हते. देशावरचे धान्य, गूळ, तंबाखू खाली आणि कोकणातले मीठ, नारळ, सुकी मासळी वर, अशी ने-आण पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवरून चालली. या व्यापाराबरोबर माणसेही उतरली. दक्षिणेकडे, बावड्याच्या घाटाखाली असलेल्या खारेपाटणविषयी १८८० च्या रत्नागिरी जिल्हा गॅझेटियरमध्ये एक नोंद आहे. त्या गावात कर्नाटकातून आलेल्या जैनांची वस्ती आणि त्यांचे मंदिर असून दक्षिण कोकणात अशी दुसरी वस्ती नाही, असे त्यात म्हटले आहे. नदीच्या पात्रात सापडलेल्या काळ्या पाषाणाच्या छोट्या मूर्तीचाही तेथे उल्लेख येतो. वाघोटन नदीतून गलबते जेथवर येऊ शकत, तेथे हे गाव वसलेले होते. मालाने जो मार्ग धरला त्याच मार्गाने मंदिरही आले, हे वाचून आपल्या वाचकांना नवल वाटू नये.

साखरपा, पाली, हातखंबा असा प्रवास करीत बस रत्नागिरीत शिरते. या मार्गावर रुंदीकरणाची कामे झाली आहेत. कडेची जुनी घरे कोठे निम्मी कापली गेली, कोठे संपूर्ण गेली. अर्ध्या कापलेल्या घरात मात्र अभ्यासकाला एक गोष्ट फुकट पाहायला मिळते, ती म्हणजे घराचा उभा छेद. भिंत किती जाड, माळा कोठे, तुळई कशावर टेकलेली, सारे उघडे पडलेले असते. मुले तेथे भराभर चित्रे काढतात. त्या घराचा मालक शेजारी उभा असेल तर मात्र त्या चित्रांकडे पाहणे कठीण होते.

रत्नागिरीत पहिला मान थिबा राजवाड्याचा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. हा राजवाडा त्याच्यासाठी १९१०-११ च्या सुमारास बांधून झाला आणि १९१६ मध्ये त्याचा येथेच अंत झाला. चोवीस-पंचवीस वर्षे वाट पाहिल्यावर मिळालेल्या घरात राजाला जेमतेम सहा वर्षे लाभली. तीन मजली इमारत, उतरती छपरे, लाकडी कोरीव कामाच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या आणि खाडीकडे उघडणारे सज्जे. इमारत परक्या राजासाठी, इंग्रजांच्या पैशाने आणि देखरेखीखाली झाली, पण पावसापुढे तिलाही कोकणातल्या घरासारखेच वागावे लागले. छपराच्या उतारात कोणतीही राजेशाही सवलत मिळाली नाही.

शहरातील काम आटोपून बस समुद्राच्या अंगाने उत्तरेला निघते. गणपतीपुळ्याला जाण्याचा जुना मार्ग निवळीवरून आहे आणि तो या मार्गाच्या जवळजवळ दुप्पट भरतो. शिरगाव, काळबादेवी या गावांवरून जाणारा किनाऱ्याचा रस्ता आरे गाव ओलांडून एका टेकाडावर चढतो. टेकाडाच्या एका अंगाला आऱ्याचा किनारा, दुसऱ्या अंगाला वाऱ्याचा, मध्ये समुद्रात घुसलेले डोंगराचे नाक आणि दोन्ही बाजूंना सुरूची बने. महाराष्ट्रात असा रस्ता दुसरा नसेल, असे तेथे उभा राहिलेला प्रत्येक जण म्हणतो आणि त्याला खोडून काढणे अवघड आहे. बस थांबते, मुले कठड्याकडे धावतात. पालकांच्या माहितीसाठी एक गोष्ट येथेच नोंदवणे योग्य. हा किनारा दिसायला जितका देखणा तितकाच पोहण्यास धोक्याचा आहे. येथे पर्यटकांचे जीव गेले आहेत. परवानगीपत्रावर सही करताना ‘पाण्यात उतरणार नाही’ एवढे वचन मुलांकडून घेणे हा भित्रेपणा नव्हे.

समुद्राकडे पाहून झाले की शिक्षक मुलांना पाठ फिरवायला लावतात. मागे, नारळी-पोफळीत दडलेल्या वाडीकडे पाहायचे असते. तेथून वाडी जवळजवळ दिसतच नाही. झावळ्यांखाली कौलांचे तांबडे तुकडे तेवढे दिसतात. सहलीचा शेवटचा आणि सर्वांत मोलाचा दिवस या तुकड्यांखाली जातो.

या पट्ट्यातील जुने घर रस्त्यापासून एखाद्या पाखाडीने खाली उतरून गाठावे लागते. वाटेच्या कडेला चुना-मातीविना रचलेला दगडांचा गडगा. मग शेणाने सारवलेले खळे, त्यात तुळशीवृंदावन. घर एका उंच जोत्यावर बसलेले, कारण पागोळ्यांचे पाणी खळ्यात आपटून उडते आणि त्या शिंतोड्यांनी भिंतीचा पाया भिजू नये. पुढे पडवी, मग ओटी, ओटीवर झोपाळा, आत माजघर, एका कोपऱ्यात देवघर, एक अंधारी खोली जी धान्याचीही असते आणि बाळंतिणीचीही, मागे स्वयंपाकघर, न्हाणी आणि मागील दारची विहीर. भिंती जांभ्याच्या. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कापता येतो, आणि हवा लागली की घट्ट होत जातो. फ्रान्सिस ब्यूकॅनन या पाहणी करणाऱ्या स्कॉटिश अधिकाऱ्याने केरळात लोकांना या दगडाच्या विटा पाडताना पाहिले आणि १८०७ मध्ये त्याला विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. आपल्या गवंड्यांनी त्याला आधीच चिरा म्हटले होते.

कौलांचीही एक कथा आहे. आज ज्यांना आपण अस्सल कोकणी म्हणतो ती चपटी, खोबणीची कौले मूळची मंगळूरची. बासेल मिशनच्या धर्मप्रसारकांनी १८६५ मध्ये तेथे कारखाना काढला आणि समुद्रमार्गे ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचली. त्यापूर्वी नळीची कौले किंवा गवत असे. म्हणजे परंपरा म्हणून मुले जी मोजतात तिच्यातला एक मोठा भाग गलबतातून विकत आणलेला माल होता. व्यापाऱ्यांनी घराचे रूप बदलले, आणि ते बदललेले रूप दीडशे वर्षांत ‘पारंपरिक’ झाले. या वाक्यावर वर्गात वाद होतो, तो व्हावाच.

मोजणीचे काम चार-पाच जणांच्या टोळीने होते. एक फीत धरतो, दुसरा वाचतो, तिसरी लिहिते, चौथा आधीच काढलेल्या कच्च्या आराखड्यावर मापे कोठे बसतात ते पाहतो. मापे तुकड्यातुकड्याने घ्यायची नसतात. एका कोपऱ्याला शून्य धरून तेथूनच पुढची सर्व मापे वाचायची, म्हणजे एका ठिकाणची चूक पुढे वाढत जात नाही. खोलीच्या समोरासमोरच्या भिंती सारख्या भरल्या म्हणून खोली काटकोनात आहे असे समजायचे नाही; दोन्ही कर्ण मोजून पाहायचे. उंची-सखलपणा पाहण्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, उभ्या रेषेसाठी ओळंबा, कोपऱ्यासाठी गुण्या. लेसरची मापके आली आहेत, पण काळोख्या माळ्यावर वाकून फीत धरण्याला पर्याय नाही. शेवटी आतल्या सर्व खोल्यांची मापे आणि मधल्या भिंतींच्या जाड्या यांची बेरीज बाहेरच्या मापाशी पडताळतात. ज्यांनी खतावणीवरून तेरीज काढली आहे त्यांना हा क्षण परिचयाचा वाटेल. फरक आला की टोळी पुन्हा आत जाते. बहुधा वाचण्यात चूक असते. क्वचित फरक खरा निघतो, आणि मग कळते की माजघर आणि देवघर यांच्यामधली भिंत वाटली त्याहून हातभर जाड आहे आणि तिच्या पोटात एक कोनाडा बुजवलेला आहे.

दुपारी घरातील बाई कोकमाचे सरबत देतात, बहुतेकदा जेवायलाही बसवतात. जेवण झाल्यावर मुले माळ्यावर चढतात आणि छपराचे वासे मोजू लागतात. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ ही आपल्या भाषेतील कृतघ्नतेची खूण. ही मुले ते काम अक्षरशः आणि गुणांसाठी करतात, यावरून ओटीवर हमखास विनोद होतो. आढे, वळचण, तुळई, पाखे हे शब्द मुलांना म्हणींतून ठाऊक असतात. पाठ्यपुस्तकात त्यांची इंग्रजी नावे असतात आणि ती वस्तू प्रथम दिसते ती येथे. ‘आढ्याचे पाणी वळचणीला’ म्हणजे काय हे मुंबईत वाढलेल्या मुलीला समजावून सांगण्यासाठी एक पावसाळी कौलारू घर पुरेसे आहे.

जैन घरातील मुलांच्या जेवणाचा प्रश्न पालक सर्वांत आधी विचारतात. या भागात तो फारसा बिकट नाही. गणपतीपुळे हे देवस्थान असल्याने शाकाहारी खाणावळी भरपूर आहेत आणि कांदा-लसूण वर्ज्य असल्याचे आधी कळवले तर सोय होते. अडचण असते ती सूर्यास्ताची. घाटात बस रखडली तर जेवणाची वेळ हुकते. खाखरा आणि कोरडा खाऊ बरोबर असला की निभावते. वाडीतल्या घरी मात्र आपण काय खात नाही ते नम्रपणे आधीच सांगावे. पान मांडल्यावर नकार दिला तर यजमान गृहिणीला तो लागतो.

मोजून झालेल्या घराचे पुढे काय होते, हा या साऱ्या खटाटोपातला अवघड भाग आहे. पाच-सात वर्षांनी त्याच वाडीत दुसरी तुकडी गेली तर घर जागेवर असेलच असे नाही. याचा दोष मालकाच्या माथी मारणे शहरी माणसाला सोपे वाटते. मालकाची बाजू हिशेबाने पाहावी. दर उन्हाळ्यात कौले उतरवून, साफ करून, फुटलेली बदलून पुन्हा बसवावी लागतात. हे काम जाणणारी माणसे कमी झाली आणि मजुरी वाढली. माकडांचा उपद्रव असा की एका सकाळी शंभर कौले फुटतात. वाशाला वाळवी लागली तर त्या लांबीचे सागवान आज सोन्याच्या भावाने मिळते. शिवाय घर एकाचे नसते. सातबाऱ्यावर आणि घरपट्टीच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव, वारस पंधरा, त्यांतील बारा मुंबईला. गणपतीत आणि शिमग्याला सर्वांना घर हवे असते. मे महिन्यात शाकारणीचा खर्च कोणी करायचा हे ठरत नाही. बँकेला तारण म्हणून अशा घराची किंमत जवळपास शून्य, कारण मालकी स्पष्ट नाही आणि मातीत बांधलेल्या भिंतींवर घसारा धरत गेले की आकडा उरतच नाही. नव्या काँक्रीटच्या घराला मात्र कर्ज मिळते.

म्हणून कौलारू घर पडते आणि स्लॅबचे घर उभे राहते. चार पावसाळे गेले की स्लॅब गळू लागतो. खाऱ्या हवेने आतले गज गंजतात, काँक्रीटचे पापुद्रे निघतात. मग त्या स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याचे उतरते छप्पर घातले जाते. आज कोकणात जागोजागी दिसणारे हे दृश्य आहे. सपाट छतावर उतरते छप्पर, म्हणजे एकाच घराला दोन छपरांचा खर्च. आजोबांना जे ठाऊक होते ते नातवाने दुप्पट पैसे मोजून पुन्हा शिकले. ही बाब वहीत लिहून घेणारी मुले पुढे स्वतः घरे आखतील तेव्हा त्यातले किती जणांना ती आठवेल, सांगता येत नाही.

चिरेखाणींचेही असेच दुहेरी आहे. रत्नागिरी परिसरातील जांभ्याच्या उघड्या सड्यांवर प्राचीन माणसाने हत्ती, मासे, मनुष्याकृती खोदून ठेवल्या आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी येथील या कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत समावेश झाला. ज्या कातळावर ही चित्रे आहेत त्याच जातीच्या कातळातून घरांचे चिरे निघतात. खाण कोठे थांबवायची, हा प्रश्न त्यामुळे रोजच्या पोटापाण्याशी येऊन भिडतो.

काही घरे वाचली आहेत. गणपतीपुळ्यापासून अगदी जवळ मालगुंडला कवी केशवसुतांचे जन्मघर आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने तेथे १९९४ मध्ये स्मारक उभे केले. ज्या कवीने मराठी कवितेला नवे वळण दिले त्याचा जन्म १८६६ मध्ये किती साध्या आणि बुटक्या छपराखाली झाला, हे तेथे दिसते. पण प्रत्येक घरात कवी जन्मत नाही. ज्या घरात केवळ सुपारी वाळत होती, हिशेब लिहिले जात होते, मुली सासरी जात होत्या, त्या घरासाठी कोणतीही परिषद येणार नाही. त्याची मोजणी करायला येते ती फक्त ही बस.

येथे आपल्याच पेठांकडेही एकदा पाहिले पाहिजे. जिल्ह्याच्या बाजारपेठांत व्यापारी घरांची एक स्वतंत्र घडण होती. पुढे ओटा आणि गादी-तक्क्याची पेढी, तिच्या मागे वखार, वर राहण्याची माडी, भिंतीत पुरलेली तिजोरी, रात्री फळ्या सरकवून बंद होणारे दुकान आणि माडीवरून खालच्या गल्ल्यावर नजर ठेवण्यासाठी जमिनीत सोडलेला झरोका. कोकणातल्या शेतकऱ्याच्या घराचे आराखडे महाविद्यालयांच्या कपाटांत शेकड्याने असतील. पेढीच्या घरांचे फार थोडे आहेत. कारण साधे आहे. परक्या माणसाला पेढीच्या मागे नेण्याची आपल्याकडे पद्धत नव्हती, आणि फीत घेऊन आलेल्या मुलांना ‘कशाला हवे?’ असे विचारून दारातूनच परत पाठवले गेले. संशय अनाठायी होता असे नाही. पण ती दुकाने आता काचेच्या दर्शनी भागामागे गेली, वखारींच्या जागी गाळे आले, आणि नातवंडांना दाखवायला एक छायाचित्रही उरलेले नाही. घर पाडण्याचे ठरलेच असेल, तर पाडण्यापूर्वी आठवडाभर आधी जवळच्या महाविद्यालयाला कळवावे. पाच मुले, दोन दिवस, आणि मालकाचा खर्च चहापुरता.

या व्यवहारातली एक त्रुटी महाविद्यालयांकडेही आहे. मोजलेल्या घराच्या रेखाचित्रांची प्रत मालकाला क्वचितच दिली जाते. गुण मिळाले, प्रदर्शन झाले, गुंडाळ्या कपाटावर गेल्या. ज्याच्या ओटीवर दोन दिवस बसलो त्याला आपले घर कागदावर कसे दिसते हे पाहण्याचा पहिला हक्क असायला हवा. वारसांच्या वाटपात, दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात आणि प्रसंगी रुंदीकरणाच्या भरपाईच्या अर्जाला जोड म्हणून असा मापांसह काढलेला नकाशा उपयोगी पडू शकतो. परवानगीपत्रावर सही करणाऱ्या पालकांनी शिक्षकांना एवढे जरूर विचारावे की प्रत देण्याची व्यवस्था आहे का.

परतीची बस रात्री आंबा घाट चढते. दिवे बंद असतात, तरी मागच्या बाकांवर भ्रमणध्वनीच्या उजेडात वह्या उघडलेल्या असतात आणि बेरजा चाललेल्या असतात. प्रत्येक टोळीचे एखादे तरी माप राहिलेलेच असते. बहुतेक वेळा ते मागील दाराच्या उंबरठ्याचे असते, कारण तेथून सर्वांनी ये-जा केलेली असते आणि म्हणून तो मोजायचे कोणालाच सुचलेले नसते. मग दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत फोन जातो. पलीकडून म्हातारे गृहस्थ ‘थांबा हां’ म्हणून फोन खाली ठेवतात, आत जातात, आणि थोड्या वेळाने सांगतात, ‘एक वीत आणि चार बोटे. माझी वीत हो, पोराची नव्हे.’

वहीत ते माप तसेच उतरवले जाते आणि पुढे कंसात सेंटिमीटर लिहिण्यासाठी जागा मोकळी ठेवली जाते.